टाकीत प्लॅटीची पिल्लं दुसऱ्या दिवशी गायब होतात. ब्रीडिंग बॉक्स घ्यावा का? की एवढ्या स्वस्त माशासाठी खटपटच करू नये?

ब्रीडिंग बॉक्स, म्हणजे व्यायला आलेली मादी वेगळी ठेवायचा प्लास्टिकचा डबा, घेऊ नका. त्याबद्दल खाली लिहिते. पण मी लिहायला बसले ती तुमच्या दुसऱ्या वाक्यामुळे. ‘एवढ्या स्वस्त माशासाठी’ हे शब्द मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय, माझ्या मोठ्या दिरांच्या तोंडून.

भाऊजींकडे चार फुटी टाकीत फ्लॉवरहॉर्न आहे. मासा देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या लेखी ज्याची किंमत हजारांत तो मासा आणि बाकी सगळा चारा. मी प्लॅटी आणल्या तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, ‘अगं, या तर आमच्याकडे खायला घालतात.’

दोन फुटी टाकी होती, फिल्टर आधीपासून चालू, पाणी मुरलेलं. त्यात लाल वॅगटेल सोडल्या, म्हणजे अंग लाल आणि शेपूट-पर काळे. आठवडाभर छान खेळल्या. मग एकेक मासा एका जागी उभा राहायला लागला. पर अंगाला चिकटलेले, अंग डावी-उजवीकडे वळवळतंय, पण मासा तसूभरही पुढे जात नाही. पोहण्याच्या सगळ्या हालचाली करतोय आणि जागचा हलत नाही. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना नेमकं कळेल मी काय म्हणतेय. दुकानदाराने न बघताच निळं औषध दिलं. भाऊजी म्हणाले, ‘औषधाची बाटली माशांपेक्षा महाग आहे, टाकून दे आणि नवीन आण.’

मी बाटली उघडली नाही. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, जखम नाही, बुरशी नाही, मग औषध कशावर? मी आधी पाण्याचा विचार केला, आणि मुंबईत प्लॅटी पाळणाऱ्या प्रत्येकाने तो करावा असं माझं ठाम मत आहे. आपलं नळाचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेचं. पावसाचं साठवलेलं पाणी ते, त्यातलं बरंचसं तर आमच्या भांडुपलाच शुद्ध होतं. प्यायला उत्तम, पण हलकं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम फार थोडं. प्लॅटी मूळची मेक्सिकोच्या व्हेराक्रूझपासून ग्वाटेमाला, बेलीझपर्यंतच्या ओहोळांतली. तिला जड, क्षारांचं पाणी लागतं, पीएच सातच्या वर. त्यात आपल्याकडे दुकानात येणारे बरेच रंगीत मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातले. जड पाण्यात वाढलेला मासा एकदम आपल्या हलक्या पाण्यात पडला की काही दिवसांत असा जागच्या जागी डुलायला लागतो. क्लोरीन उडालेलं असलं तरी डुलतो, कारण प्रश्न क्लोरीनचा नसतोच.

सासूबाई मालवणच्या. आमच्याकडे रविवारी तिसऱ्या असतातच. त्यांना म्हटलं, शिंपल्या टाकू नका. त्या घासून, मांसाचा कण राहणार नाही अशा साफ केल्या, दोनदा उकळल्या, वाळवल्या आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या तोंडाशी ठेवल्या. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाण्यात हळूहळू विरघळतं. फार हळू, म्हणून सोबत दुकानातल्या कोरल चिप्सही घातल्या. मासे आजारी असताना एका दिवसात पाणी पालटायचं नसतं, त्यामुळे तो हळूपणा मला हवाच होता. आधी एक मादी डुलायची थांबली. मग तिने पर उघडले. बघता बघता सगळ्या टाकीभर फिरायला लागल्या. सासूबाई संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि कोण कसं पोहतंय ते मला फोनवर सांगायच्या.

त्याच मादीचं पोट पुढे चौकोनी दिसायला लागलं. लाल प्लॅटीत पोटाजवळचा काळा डाग नीट दिसत नाही, त्यामुळे डाग शोधत बसू नका, आकार बघा. वरून पाहिलं तर दोन्ही बाजू फुगलेल्या, आणि बाजूने पाहिलं तर शेपटीकडे पोट तिरकं न उतरता एकदम सरळ खाली तुटतं. असं दिसलं की दिवस भरत आले. मी तिला व्यायलेलं पाहिलंय. पिल्लू घडी घातल्यासारखं बाहेर पडतं, जरा खाली बुडतं, मग ताठ होतं आणि थेट मॉसमध्ये, म्हणजे शेवाळासारख्या दाट पाणवनस्पतीत शिरतं. अंग जवळजवळ पारदर्शक. डोळे मात्र काळेभोर. आत बसलेली पिल्लं शोधायची तर त्या डोळ्यांवरूनच शोधावी लागतात.

पिल्लं थोडी वाढली आणि भाऊजी डबा घेऊन आले. ‘एवढ्यांचं काय करणार आहेस? आमच्या राजाला आठवडाभर पुरतील.’ मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. चहा झाला, पुन्हा तोच विषय. मी पुन्हा नाही म्हटलं. मग ते चिडले. दहा-वीस रुपयांचा मासा, त्याचं कसलं कौतुक, अशी वाक्यं जेवणापर्यंत चालली. ते मोठे, मी उलटून बोलले नाही, पण एकही पिल्लू दिलं नाही.

त्यांना तेव्हा जे सांगायचं होतं ते इथे लिहिते. अमेरिकेतल्या मायरन गॉर्डन या संशोधकाने आयुष्य याच माशावर घालवलं. प्लॅटी आणि तिच्या नात्यातला स्वोर्डटेल मासा यांची संकरित पिल्लं पुन्हा स्वोर्डटेलशी लावली की काही पिल्लांच्या काळ्या ठिपक्यांचा त्वचेचा कर्करोग होतो, यावर 1920 च्या दशकापासून काम झालंय. प्लॅटीत हा रोग घडवू शकणारा जनुक असतो आणि त्याला आवरून धरणारा दुसराही असतो. संकरात हा आवरणारा सुटून जातो. मेक्सिकोतल्या हामापा नदीतून 1939 साली आणलेल्या प्लॅटींचा वंश आजही टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या केंद्रात सांभाळलाय, आणि 2013 मध्ये त्याच वंशावरून या माशाचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. स्वस्त मासा म्हणे! फ्लॉवरहॉर्न माणसाने वेगवेगळ्या सिक्लिड जाती एकत्र करून बनवलेला, मूळचा कुठल्याच नदीतला नाही. त्याच्यासाठी याला चारा म्हणायचं?

यातून तुमच्या कामाचं एवढंच, की प्लॅटी आणि स्वोर्डटेल एका टाकीत ठेवू नका. त्या एकमेकांत सहज लागतात आणि मग वंश बिघडतो. दुकानातल्या रंगीत प्लॅटींत तसंही स्वोर्डटेलचं रक्त आहेच, त्यात आणखी भर कशाला.

आता बॉक्स. पिल्लं गायब होतात कारण मोठे मासेच ती खातात, म्हणून लोक बॉक्स घेतात. त्या एवढ्याशा प्लास्टिकच्या खोलीत कोंडलं की मादी बिथरते. कधी पिल्लं अडवून धरते, कधी वेळेआधी टाकते. चार मादींमागे एखादी त्यात दगावली तर पुढची सगळी पिल्लं गेली. त्यापेक्षा जावा मॉसचा मोठा गोळा आणि गप्पी ग्रास टाका, वर पिस्टिया ही तरंगती वनस्पती सोडा, तिची मुळं खाली लोंबतात, तिथे पिल्लं तरतात. टाकीचा एक कोपरा इतका दाट हवा की मोठा मासा आत शिरूच शकणार नाही. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर तिला उसंत देत नाहीत. मोठ्यांना व्यायच्या दिवसांत पोटभर घाला. साधारण चार आठवड्यांनी मादी व्यायते, एका वेळी 20 ते 40 पिल्लं सहज. सगळी जगवायची नसतातच, टाकीला ती पेलणारही नाहीत.

नर नाही तरी मादी व्यायली म्हणून घाबरू नका, ती एकदा घेतलेलं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. म्हणूनच ज्यांना रंग टिकवायचा आहे त्यांनी पिल्लांमध्ये खालचा पर काडीसारखा टोकदार होतोय असा नर दिसला की लगेच वेगळा काढावा. उशीर झाला की कोणाची पिल्लं कोणाची, काही सांगता येत नाही.

पिल्लांना नेहमीचंच खाद्य बोटांत चुरून, दिवसातून तीन-चार वेळा, चिमटीभर. उकडलेल्या अंड्याचा बलक सगळे सांगतात, पण त्याने पाणी फार लवकर नासतं. ताजे आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, घरी अंड्यांतून काढता आले तर उत्तम. दुकानातले जिवंत लाल किडे मी देत नाही, ते घाणीच्या पाण्यात वाढतात. मोठ्यांना वाफवलेला पालक, सोललेला वाटाणा द्या, प्लॅटीला हिरवं लागतं. हीटर मुंबईत लागत नाही. मे महिन्यात उलट हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो.

शिंपल्यांचं वाचून लगेच पिशवी भरू नका. तुमच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर ते आधीच जड असू शकतं. पट्ट्या मिळतात, त्यांनी जडपणा आणि पीएच तपासा. पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर जाऊ नका, त्यात मीठही मोजलं जातं. आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पाणी बदलताना थोडं थोडं बदला.

जास्तीची पिल्लं पवई तलावात किंवा विहिरीत सोडू नका. महापालिका डासांसाठी गप्पी मासे सोडते, तो त्यांचा कार्यक्रम आहे, आपण तिथे परदेशी मासा नेऊन टाकायचा नाही. ओळखीच्या दुकानात न्या, काही जण बदल्यात खाद्य देतात. मी शेजारच्या मुलांना देते, आधी टाकी बघून. भाऊजींना आजतागायत दिलेली नाहीत, देणारही नाही.

तुमची मादी नुकतीच व्यायलीय म्हणजे पुढची खेप महिन्याभरात येईल. मॉस दाटायला वेळ लागतो, तेव्हा याच आठवड्यात आणून टाका.