रिव्ह्यूचे पैसे बुडाले, साईटही गेली : परभणीच्या मित्राला उत्तर

तुझी पोस्ट वाचली. एका गेमिंग साईटला सहा रिव्ह्यू दिले, दोनाचेच पैसे आले, तेही दहा टक्के कापून. आता लिंक उघडली की कोरं पान येतं. आणि तू विचारायलास की गेमवर लिहिणं सोडून यूट्यूब धरावं का. गाव आणि गेमची नावं बदलली तर ही माझीच हकीकत आहे. वयानं मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

रिव्ह्यू कसा लिहायचा, एम्बार्गो (ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही ही अट) कसा पाळायचा, गेमची की (फुकट प्रतीचा कोड) कुणाकडं मागायची, हे तुला येतंय हे पोस्टवरूनच दिसतं. त्यात जात नाही.

माझी साईट मोठ्या शहरातली होती. नाव सांगत नाही, सांगून वसूलही काही होणार नाही. संपादक सज्जन माणूस. रात्री बाराला फोन करून एखाद्या परिच्छेदावर वाद घालायचा, मजा यायची. सगळा खेळ अकाउंट्सवाल्यांचा. बिल पाठवलं की 'व्हेंडर कोड (त्यांच्या हिशेबातला आपला नंबर) तयार नाही'. कोड तयार झाला की 'पॅनवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नाही'. आता आपल्याकडं पॅनवर वडलांचं नाव मधी असतं, ग्रामीण बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी असतं. माणूस एकच आहे हे समजून घ्यायला तिथं कुणाला वेळ नव्हता. मग रद्द केलेला चेक पाठवा, मग तोच पुन्हा पाठवा, आधीचा अस्पष्ट होता. सगळं झालं की एकच उत्तर, 'प्रोसेसमध्ये आहे'. या वाक्याला ना तारीख, ना सही करणारा.

सगळ्यात महागात पडला तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर. दहा टक्के कापून थोडे पैसे आले, म्हणून खूश होतो. रिटर्न भरायच्या वेळी २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडलं तर या कंपनीचं नावच नाही. कापले माझ्याकडून, सरकारजमा केलेच नाहीत. १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, मागितला तर 'क्वार्टर संपल्यावर मिळेल'. क्वार्टर संपलं, वर्ष संपलं, नंतर मेलच परत यायला लागला. पुढं एके सकाळी साईट गेली. संभाजीनगर आणि नांदेडच्या मोबाईल टूर्नामेंटांमध्ये बक्षिसाची रक्कम पोरांना मिळतच नाही, यावर लिहिलेला माझा मोठा लेख तिच्याबरोबर गेला. पैशाचं दुःख विसरलो, त्याचं नाही. दुसरीकडं काम मागितलं की लिंक मागायचे. वर्डची फाईल दाखवून कोण उभं करतंय?

आता तुझं. मी सीए नाही, वकीलही नाही, ओळखीच्या सीएला दाखवूनच पाऊल टाक. बँकेचं स्टेटमेंट, बिलं आणि 'टीडीएस कापला' असं कबूल करणारा एखादा मेल, एवढं एका जागी ठेव. कापलेला कर कापणाऱ्यानं भरला नाही तर तो तुझ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं कायदा म्हणतो. पण सिस्टीम तुझ्या नावावर बाकी दाखवू शकते, तेव्हा हे कागद लागतात. उद्यम नोंदणी (छोटा व्यावसायिक म्हणून सरकारकडं नाव लावणं) आजच कर. ती फुकट आहे, सेवा केंद्रवाला पैसे मागेल तर उठून ये. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन आहे, आणि न दिल्यास सरकारच्या पोर्टलवर ऑनलाईन तक्रार करता येते. जुन्या बिलांना याचा उपयोग होणं अवघड आहे, पुढच्यांना होईल. बिलावर उद्यम नंबर दिसला की अकाउंट्सवाले जरा सरळ बोलतात, हा माझा अनुभव.

लेखांचं म्हणशील तर जुन्या लिंका वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं साठवून ठेवणारी साईट) टाकून बघ, बरेचदा सापडतात. नवीन लेख छापून आला की त्याच दिवशी तिथं साठवून ठेवायचा. शिवाय तू नोकरीत नव्हतास. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं अशा लेखाचा पहिला मालक लेखकच असतो, सही करून लेखी दिल्याशिवाय हक्क जात नाही. लेखी दिला असेल पण मुदत लिहिलेली नसेल तर तो ५ वर्षांपुरताच धरतात. म्हणजे करार तपास, आणि तसं काही नसेल तर सहाचे सहा रिव्ह्यू स्वतःच्या ब्लॉगवर खुशाल टाक.

हे आपल्याच नशिबी आहे असं समजू नको. अमेरिकेचं गेम इन्फॉर्मर हे गेमिंग मासिक १९९१ पासून निघत होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मालक कंपनीनं ते बंद केलं आणि साईटवर निरोपाचं एक पान तेवढं ठेवलं. इतक्या वर्षांचं लिखाण एका दिवसात दिसेनासं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीनं ते घेतलं म्हणून परत आलं. पॉलिगॉन हे तिकडचं गेमिंग संकेतस्थळ मे २०२५ मध्ये विकलं गेलं, कितीतरी जण घरी बसले. म्हणून सांगायलो, साईट मोठी असली तरी तुझी प्रत तुझ्याकडंच पाहिजे.

आता माझं मत, पटलं तर घे. मोठ्या गेमच्या रिव्ह्यूमागं पळणं सोड. ते दार कंपनीच्या हातात आहे. २०२० च्या डिसेंबरात सायबरपंक २०७७ आला तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली, स्वतःचं फुटेज दाखवायलाही मनाई. जुन्या प्लेस्टेशनवर गेम किती मोडका आहे ते पैसे भरलेल्या लोकांना नंतर कळलं, आणि सोनीनं तो दुकानातूनच काढला. त्याआधी २००७ मध्ये गेमस्पॉट या साईटनं जेफ गर्स्टमन या आपल्या समीक्षकाला काढलं होतं. ज्या गेमला त्यानं कमी गुण दिले त्याच्याच जाहिराती साईटवर झळकत होत्या. तिकडच्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर परभणीहून मेल करणाऱ्याला गेमची की कधी मिळणार? रिलीजनंतर.

आपल्याकडच्या साईटी तर वेगळ्याच. 'आजचे फ्री फायर रिडीम कोड' रोज नव्या तारखेनं. मलाही तेच लिहायला सांगायचे, त्याला वाचक लई. आता गुगल उत्तर वरच देतो, खाली कोण येतंय? त्या दुकानदारीची हळहळ मला वाटत नाही, पण तिच्यावर पगार निघायचे हेही खरं.

तुला जे दिसतं ते त्यांना दिसत नाही, ते लिही. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) स्टोअरमधून गायब झाला, २०२३ च्या मेमध्ये परतला. मधल्या काळात जिल्ह्याच्या गावात टूर्नामेंट भरवणाऱ्यांनी काय केलं? ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर कायद्यानं बंदी आली. रम्मीपायी कर्ज झालेला एखादा तरी तुझ्या ओळखीत असेल, त्याचं नाव न घेता लिही. लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करणारी पोरं रात्री काय खेळतात, हॉस्टेलवाला फोन जमा कसा करतो, हे मला वाचायचंय. पुण्यात नोडिंग हेड्स कंपनीनं 'राजी' हा गेम केला, सुपरगेमिंगनं 'इंडस' केला. तिथं आपल्या भागातली पोरं कामाला असतील तर त्यांना गाठ. टेस्टिंगचं काम किती कंटाळवाणं असतं हे त्यांच्याच तोंडून येऊ दे.

पोट भरेल का? एवढ्यावर नाही. कोटाकू या अमेरिकी गेमिंग साईटमधून बाहेर पडलेल्यांनी २०२३ मध्ये आफ्टरमॅथ हे स्वतःचं संकेतस्थळ काढलं, ते वाचकांच्या वर्गणीवर चालतं. जायंट बॉम्ब हे दुसरं गेमिंग संकेतस्थळ २०२५ मध्ये तिथल्याच माणसांनी विकत घेतलं. इंग्रजी वाचक जगभर पसरलाय, तिथं हे जमतं. मराठी माणूस दिवाळी अंकाला पैसे देतो, वेबसाईटला देताना हात आखडतो. मी स्वतः नोकरी करून लिहितो. हे वाचून कुणी नाराज होईल, होऊ दे.

यूट्यूब करायचं तर कर, लिहिणं सोडायची गरज नाही, स्क्रिप्ट कुणीतरी लिहावीच लागते. फक्त पैसे घेतले असतील तर व्हिडिओत तसं स्पष्ट सांग, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची २०२३ ची सूचना तशी आहे. आणि कुठल्या 'खेळा आणि जिंका' ॲपचा मेल आला तर उत्तरच देऊ नको. त्यांची जाहिरात करणंही आता गुन्हा आहे.

त्या साईटनं कामाच्या सुरुवातीला अटींचा मेल पाठवला असेलच. तो मला व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठव, पॅन आणि खातं नंबर झाकून. हक्काबद्दल काय लिहिलंय ते बघून सांगतो.