नोकरी करत डिस्टन्सने सायन्स शिकतोय, वय चाळीस, आठवडाभराच्या निवासी समर स्कूलला जाऊ का?

नक्की जा! तिथे प्रयोग स्वतः करायला मिळतात. व्हिडिओ बघून टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंब-थेंब सोडून त्याचं प्रमाण काढणं) समजल्यासारखं वाटतं पण ब्युरेटचा, म्हणजे थेंब सोडायच्या खुणांच्या काचनळीचा, नळ स्वतःच्या हातात आला की एक थेंब जास्त पडतो आणि द्रावण फिकट गुलाबी व्हायच्या ऐवजी एकदम गडद होतं, मग परत पहिल्यापासून, तिसऱ्या-चौथ्या वेळेला कुठे हात बसतो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली तेव्हा प्रयोगाचं किट पोस्टाने घरी पाठवायचे, तरी समर स्कूल ठेवलंच होतं. वयाचं टेन्शन खरंच घेऊ नका, तिथे बहुतेक जण नोकरी-संसार सांभाळूनच आलेले असतात. फक्त लॉगॅरिदम आणि ग्राफचा स्लोप आधी घोटून घ्या. आणि हो, रीडिंग थेट वहीत पेनने लिहा, चिठोऱ्यावर नको, हरवतात.