'अर्थ'मधली पूजा शेवटी राजलाही नाही का म्हणते?

दिग्दर्शक महेश भट यांच्या 'अर्थ' (१९८२) या हिंदी चित्रपटात पूजाचा (शबाना आझमी) नवरा इंदर तिला सोडून कविता (स्मिता पाटील) या नटीकडे जातो, आणि शेवटी परत येतो. त्या इंदरला पूजा परत घेत नाही हे तुम्हाला पटलंय. पण तिचा मित्र झालेल्या राजसारख्या भल्या माणसाला नकार का, नवऱ्याच्या 'तिच्या'बद्दलचा मत्सर अजून मनात धुमसतोय म्हणून का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते मत्सर तोवर पूजाकडून कधीच निघून गेलेला असतो. तो कविताकडे मुक्कामाला गेलेला असतो.

'अर्थ' मी पहिल्यांदा पाहिला तो मावशीकडे, भाड्याच्या व्हीसीआरवर. घरातल्या सगळ्या बायका जेवणं उरकून बसल्या होत्या. पार्टीचा प्रसंग आला. शबाना दारू पिऊन, पदराचं भान नाही अशा अवस्थेत चारचौघांत स्मिता पाटीलसमोर उभी राहते आणि बायकोने नवऱ्यासाठी काय काय व्हायला हवं हे शास्त्राचा हवाला देत ऐकवते. आई पटकन बोलून गेली, "अगं, हिला कोणीतरी घरी न्या गं." तिला शबानाचा राग आला नव्हता, तिची लाज वाटली होती. त्या वयात मला हा फरक कळला नाही. पूजाचा मत्सर तिथे जेवढा ओकायचा तेवढा ओकून होतो. त्यानंतर ती घर सोडते, बायकांच्या होस्टेलमध्ये राहते, नोकरी शोधते. रडते, पण रडण्याचं कारण हळूहळू बदलत जातं.

आता कविताकडे बघा. नटी आहे, नाव आहे, पैसा आहे, इंदर तर आहेच. आणि तिलाच झोप नाही. मनाने ती आधीच आजारी आहे, त्यात एक साधा हिशोब तिला आतून पोखरतो: जो तिला सोडून माझ्याकडे आला, तो उद्या मला सोडून कुठे जाईल? घटस्फोटाचा मार्ग मोकळा झाल्यावर तिने खूश व्हायला हवं, तर ती आणखीच ढासळते. पूजाच्या मंगळसूत्राचे मणी तिला टोचत राहतात. ज्या बाईचा संसार मोडला तिचा हेवा मोडणारीला वाटतो! स्मिताने ते केलंय मात्र असं की तिला खलनायिका म्हणायला जीभ रेटत नाही. शेवटी कविता स्वतःच इंदरला बाहेरची वाट दाखवते.

महेश भट यांनी हे स्वतःच्या आयुष्यातून उचललंय, हे त्यांनीच सांगितलंय. म्हणजे इंदर हा त्यांच्या स्वतःच्या जागी. तरी पूर्ण चित्रपटात सगळ्यात कमी माया त्यांनी त्यालाच दिली आहे. (इंदर झालेले कुलभूषण खरबंदा 'अर्थ'च्या दोनच वर्षं आधी 'शान'मध्ये टकला खलनायक शाकाल होते. आमच्या मावशीला ते शेवटपर्यंत विसरता आलं नाही.) इंदर परत येतो तेव्हा पूजा विचारते, मी असंच वागून परत आले असते तर तू मला घेतलं असतंस का? तो म्हणतो, नाही. आईचं मत : "निदान खरं तरी बोलला."

आता राज. राजकिरणने रंगवलेला हा माणूस इतका चांगला आहे की प्रेक्षकालाच त्याची बाजू घ्यावीशी वाटते, त्यात 'तुम इतना जो मुस्कुरा रहे हो' त्याच्या तोंडी. शब्द कैफी आझमींचे, म्हणजे शबानाच्या वडिलांचे. पण पूजाचा मागचा प्रवास आठवा. अनाथ मुलगी, मग इंदरचं घर, मग होस्टेल. कोणाचीतरी असण्याआधी ती स्वतःची अशी कधी नव्हतीच. राजला हो म्हटलं असतं तर चांगल्या माणसाच्या आधाराने पुन्हा तेच. राजमध्ये खोट आहे म्हणून तिने नकार दिलेला नाही.

शिवाय पूजाच्या मोलकरणीची पोर आहे. ती बाई रोहिणी हट्टंगडींनी केली आहे. त्याच वर्षी त्या 'गांधी'मध्ये कस्तुरबा होत्या, यावर विश्वास बसत नाही. तिचाही नवरा दारुडा, त्याचंही बाहेर आहे. पण सवतीपायी ती त्याच्यावर हात उचलत नाही. पोरीच्या शाळेसाठी साठवलेले पैसे त्याने उडवल्यावर ती त्याचा जीव घेते. मालकीण पार्टीत नुसतं बोलली, मोलकरणीने करून दाखवलं, असं मला कायम वाटतं. तिच्या पोरीला पूजा सांभाळते.

इथे माझी थोडी तक्रार आहे. नवरा नको, मित्र नको, मग बाईच्या आयुष्याला अर्थ द्यायचा तर मूलच हवं, हे जरा सोयीचं झालं. हिंदी प्रेक्षकाला एवढी सवलत दिली असावी.

ती सवलत न दिलेला सिनेमा बघायचा असेल तर त्याच साली आलेला जब्बार पटेलांचा 'उंबरठा' बघा. तिथे स्मिताच बायकोच्या जागी आहे, सुलभा महाजन. संगमवाडीच्या महिलाश्रमातली नोकरी सोडून घरी येते, तर वकील नवरा (गिरीश कर्नाड) आपलं दुसरीशी नातं असल्याचं कबूल करतो, आणि तूही इथे राहा म्हणतो. ना आरडाओरडा, ना पार्टी. सुलभाला स्वतःची मुलगी आहे, आणि ती तिलाही मागे ठेवून निघते. 'अर्थ' संपल्यावर आमच्याकडे तासभर चर्चा चालली होती. 'उंबरठा' संपल्यावर आई काहीच बोलली नाही, उठून ओटा पुसायला लागली. मराठी जमत नसेल तर तो 'सुबह' नावाने हिंदीतही आहे.