गेमचा नायक प्राणी असेल तर कथा वेगळी लिहावी लागते का?

तुमचा प्रश्न असा की माणूस-नायकासाठी लिहिलेली कथा तशीच ठेवून नायकाच्या जागी कुत्रा घातला तर चालेल का. नाही चालणार. बोलणं आणि हात, दोन्ही जातात. म्हणजे संवाद, चौकशी, किल्ल्या, पत्रं, सगळंच अडतं.

'स्ट्रे' (2022) या गेमचा नायक मांजर आहे आणि शहरात सगळे रोबो राहतात. यावर तोडगा म्हणून मांजराला बी-12 हा छोटा उडता ड्रोन दिलाय. रोबोंचं बोलणं तो समजावतो, वस्तूही तोच सांभाळतो. सोय चांगली आहे, पण गोची तिथेच होते. एकाच कामाचे दोन भाग बघा. लॉन्ड्रीतून डिटर्जंट आणायचं असतं आणि दार बंद असतं. गच्चीवर रोबो रंगाचे डबे फेकाफेकी करत असतात. नेमक्या वेळी म्याव केलं की एकाचा झेल सुटतो, रंग खाली दुकानासमोर सांडतो, मालक बाहेर येतो आणि मांजर आत सटकतं. हा प्रसंग मांजराशिवाय घडूच शकत नाही. पण पुढे डिटर्जंट देऊन केबल, केबलचा पोंचो (अंगावर घ्यायचं वस्त्र), पोंचोच्या मोबदल्यात ट्रॅकरची (माग काढणाऱ्या यंत्राची) दुरुस्ती! इथे मांजर म्हणजे नुसतं कुरिअर. बी-12 नसता तर ही साखळी लिहिणाऱ्याला सुचलीच नसती, असं मला वाटतं.

'शेल्टर' (2013) या गेममध्ये असा दुभाष्या नाहीच. तुम्ही बॅजर (बिळात राहणारा रानटी प्राणी) आई, मागे पाच पिल्लं. भूक लागली की पिल्लाचा रंग फिका पडतो. मिळालेला घास कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवायचं, आणि धीट पिल्लू तो आधीच पळवतं. उघड्या माळावर गरुडाची सावली फिरते. गवतात दडायला उशीर झाला की एक पिल्लू गेलं. गेम थांबत नाही, उरलेल्यांना घेऊन पुढे चालायचं. संवाद शून्य, तरी कोणत्या पिल्लाला कमी खायला घातलं होतं ते खेळणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा कथेआधी क्रियापदं लिहा: हुंगणं, उकरणं, भुंकणं, दातात धरणं, दारावर ओरखडणं. पाच-सहा पुरेत. मग प्रत्येक प्रसंग संवाद बंद करून खेळून बघा; पुढे काय करायचं ते कळेनासं झालं तर तो प्रसंग कुत्र्याचा नाही. हेतूही कुत्र्याला पेलेल असाच हवा: भूक, पिल्लू, भीती, घरची वाट. शहर वाचवायचंच असेल तर ते काम माणसांच्या डोक्यात राहू द्या आणि दोघांचा रस्ता एकच ठेवा. 'स्ट्रे'मध्ये मांजराला बाहेर आपल्या सोबत्यांकडे जायचंय आणि रोबोंनाही बाहेर जायचंय, म्हणून ते पटतं.

आणि कॅमेरा. तो घोट्याच्या उंचीवर आला की खोलीतलं टेबल भिंतीसारखं आडवं येतं, वरच्या पाट्या दिसत नाहीत. महत्त्वाचा पुरावा फळीवर ठेवू नका, पलंगाखाली सरकवा.