भूकंपाची वेळ सांगणारे मेसेज आणि कायदा

प्रश्न : आमच्या वसमत तालुक्यात जमिनीतून गूढ आवाज येतात, अधूनमधून हादरेही बसतात. हादरा बसला की लगेच मोबाइलवर मेसेज फिरतो, ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का, घराबाहेर झोपा.’ मग म्हातारी माणसं, लेकरंबाळं रात्रभर अंगणात. वकीलताई, सरकार कडक कायदा करून असल्या पोस्ट बंद का करत नाही?
– एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : दादा, तुमचा संताप मला पटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी औशात शाळकरी होते. पुढे कितीतरी रात्री आम्ही उघड्यावर काढल्या, आणि ‘आज पुन्हा होणार’ ही आवई मोबाइल नसतानाही संध्याकाळ झाली की यायचीच. ज्या मुलखाने एका पहाटेत हजारो माणसं गमावली, तिथे असा मेसेज पाठवणं हा गुन्हाच आहे.

आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ५४ बघा : आपत्तीचा खोटा इशारा पसरवून घबराट माजवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्येही घबराट पसरवणाऱ्या अफवांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मेसेजचा स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसकट जपा, ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.

खरं-खोटं ठरवायचा अधिकार सरकारला देणारा नवा कायदा मात्र मला नको. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती लाइक केली होती. त्यात लावलेलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. २०२३ मध्ये केंद्राने नियम आणला की सरकारी कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी, हे सरकारचाच विभाग ठरवेल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तोही रद्द केला. योग्यच केलं. पीकविमा मिळाला नाही, टँकर आला नाही, असं तुम्ही लिहिलंत आणि ते खोटं असल्याचा शिक्का त्याच खात्याने मारला, तर दाद कुठे मागणार?

त्याऐवजी सरकारने व्हॉट्सअॅपसारख्या कंपन्यांना बांधावं. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या अफवांमुळे मुलं पळवणारे समजून जमावाने डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. पाच घरं उघडी पडली. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. कुणाचं तोंड बंद झालं नाही, पसरण्याचा वेग तेवढा कमी झाला. हे आधी का झालं नाही, याची चीड मला आजही येते. असे बंधन कायद्याने घाला, मराठी जाणणारा तक्रार अधिकारी नेमायला लावा.

तहसील कार्यालयानेही गप्प बसू नये. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र हादऱ्याची तीव्रता आणि ठिकाण लगेच जाहीर करतं. ते तलाठी आणि पोलीस पाटलांमार्फत त्याच रात्री गावाच्या ग्रुपवर यायला हवं. सोबत एवढंही सांगा की भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणारं शास्त्र जगात कुठेच नाही. मेसेजमध्ये वेळ दिली असेल तर तो खोटाच.

घराच्या भिंतीला तडा गेला असेल तर मात्र मेसेज येवो न येवो, आत झोपू नका. दुसऱ्या दिवशी तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या.