स्वयंपाकघरात बारीक लाल मुंग्या येतात आणि वळवाच्या पावसात ट्यूबलाइटवर पंखवाल्या मुंग्या येतात, दोन्हीला चालेल असा कोणता स्प्रे घ्यावा?

तुम्ही विचारलंय त्यात दोन वेगळे किडे आहेत आणि तुम्ही दोघांनाही मुंग्याच म्हटलंय, म्हणून लिहायला बसले. पंखवाल्या म्हणताय त्या बहुतेक मुंग्या नाहीतच, ती वाळवी आहे. हेच मी 2018 च्या मे महिन्यात आमच्या घरात सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं.

आमचं घर बेळगावात शहापूरला, जुनं, मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मागं परडं आणि परड्यात आड. तेव्हा एकत्र होतो, आम्ही, मोठे भावजी-जाऊबाई आणि सासूबाई. मी बी.एस्सी. झूलॉजी केलंय, लग्नानंतर नोकरी केली नाही, पण शिकलेलं कुठं जात नाही ना. त्या दिवशी संध्याकाळी वळीव झाला, चांगला तासभर, मग वारा सुटला म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या, आणि दिवेलागणीला माजघरातल्या ट्यूबभोवती ही झुंबड. जाऊबाईंनी नेहमीसारखी परात पाण्यानं भरून ट्यूबखाली ठेवली, पटापटा पडायला लागले त्यात. सगळ्यांना तेवढ्यात समाधान. पण माझं लक्ष गेलं की खिडक्या बंद असताना हे आले कुठून, म्हणून टॉर्च घेऊन शोधलं, तर देवघराच्या दाराची चौकट जिथं जमिनीला टेकते तिथल्या फटीतून एकामागून एक बाहेर येत होते, पंख अंगाला चिकटलेले, जरा वेळ भिंतीवर चालायचे आणि मग उडायचे.

मी दोन-तीन पकडून तरुण भारतच्या पानावर ठेवले. चार पंख, चारी एकाच लांबीचे, शेपटीच्या बरेच मागे जाणारे. बोट लावलं की पंख गळून पडायचा. डोक्यावरच्या मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. आणि कमर नाही, छाती-पोट सलग, जाड. मुंगीला बघा, पंखवाली असली तरी तिची कमर दोऱ्यानं करकचून बांधल्यासारखी असते, मिशा कोपरात वाकवल्यासारख्या, आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. एकदा शेजारी शेजारी ठेवून बघितलं की जन्मात चूक होत नाही. वाळवी ही मुंगीची कुणीच नाही, तिचं नातं झुरळांशी आहे. लोक पांढरी मुंगी म्हणतात तिथूनच घोळ सुरू होतो.

तो कागद घेऊन मी भावजींकडं गेले. ते सोप्यात बसलेले. म्हणाले, "काय बघुलालीस त्यात? मुंगीला पंख फुटले म्हंजे पाऊस लागणार, आमचे आजोबा पण हेच सांगायचे." मी म्हटलं, "भावजी, ही वाळवी आहे, चौकटीतनं निघालीय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, चौकट खानापूरकडच्या सागवानाची आहे, आजोबांनी बैलगाडीतनं आणलेली, सागवानाला वाळवी लागत नाही. आणि वर, "कॉलेजात शिकलीस ते ठीक, घराचं आम्हाला कळतं." आमचे हे गप्प. शेजारच्या कन्नड मावशी डबा द्यायला आलेल्या, त्यांनी परातीत डोकावून सांगितलं, "इदु इरुवे अल्ल री, गेद्दल हुळ," म्हणजे मुंगी नाही, वाळवी. त्यांचंही कुणी मनावर घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या चौकटीवर लाटण्यानं टकटक करून बघितलं. वरच्या बाजूला भरीव आवाज, खालच्या दीड फुटात पोकळ. कपाटामागच्या भिंतीवर मातीची नळी, पेन्सिलीएवढी जाड, वाकडीतिकडी वर चढलेली. हेअरपिननं बोटभर नळी फोडली, आत पांढरट किडे पळापळ करायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर फोडलेली जागा ओल्या मातीनं बुजवलेली. रिकामी नळी कोण दुरुस्त करणार? आत कामं चालू आहेत याचा याहून मोठा पुरावा नसतो, तुम्हीही नळी दिसली तर सगळी झाडून टाकू नका, थोडी फोडा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

भावजींनी माणूस बोलावला, पण मुंग्यांचा. मुंग्या म्हणून सांगितलं, त्यानंही मुंग्यांचंच औषध मारलं, स्वयंपाकघरात, देवघरात, सगळीकडं. चौकटीकडं ढुंकून बघितलं नाही. आता हे तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून सांगते. आमच्या ओट्यावर तेव्हा पिवळट, अगदी बारीक, दोन मिलिमीटरच्या मुंग्यांची एक ओळ यायची, डब्याच्या कडेनं. स्प्रे मारल्यावर दोन दिवस काही नाही, आणि आठवड्यात त्याच्या चार ओळी झाल्या, एक सिंकखालून, एक स्विचबोर्डातून, एक खिडकीच्या चौकटीतून, एक देवघरातून. या जातीच्या वारुळात राण्या अनेक असतात. विषाचा त्रास झाला की थोड्या राण्या, थोड्या कामकरी मुंग्या आणि अंडी असं घेऊन वेगळा संसार थाटतात. म्हणजे तुम्ही पैसे देऊन एकाच्या चार वसाहती करून घेता. म्हणून माझं स्पष्ट मत, ओट्यावरच्या मुंग्यांना स्प्रे मारणं हा मूर्खपणा आहे. तुम्हाला दिसतात त्या सामान आणायला बाहेर पडलेल्या थोड्याच, राणी भिंतीत, ती बाहेर येतच नाही. बाहेरच्या कितीही मारा, ती नव्या घालत राहते.

करायचं काय, तर मेडिकलमधून बोरिक पावडर आणा, कॅरमवर टाकतात ती, पण डबीवर बोरिक ॲसिड लिहिलेलं वाचून घ्या. अर्धा लिटर कोमट पाण्यात दहा-बारा चमचे साखर आणि एकच छोटा चमचा बोरिक. जास्त टाकायचा मोह होतो, टाकू नका, कडक झालं तर मुंगी वाटेतच मरते. तिनं ते पोटात घेऊन घरी जाऊन राणीला आणि पिल्लांना भरवलं पाहिजे, म्हणून सौम्यच हवं. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात, ओळीच्या शेजारी. पहिल्या दिवशी मुंग्यांची जत्रा भरते, तेव्हा घाबरून पुसून काढायचं नाही. दोन-तीन आठवडे बोळा बदलत राहायचं. गोडाला शिवत नसतील तर शेंगदाण्याचा कूट तेलात कालवून त्यात चिमूटभर बोरिक. आधी साधं गुळाचं पाणी आणि साधा कूट शेजारी ठेवून बघा कशावर जातात, मग ठरवा. तुमच्या लाल मुंग्या कडकडून चावणाऱ्या असतील, चावल्यावर आग होऊन बारीक फोड येत असेल, तर ती जात वेगळी, ती बहुतेक बाहेर अंगणातल्या मातीत राहते आणि तिला कूटच आवडतो.

हळदीची रेघ, खडूची रेघ वगैरे, रेघ असते तोवर मुंग्या वळसा घालून जातात, एवढंच. त्यापेक्षा ओळ साबणाच्या पाण्यानं पुसा, पहिलीनं टाकलेल्या वासावरून मागच्या येतात, तो वास जातो. पण बोरिक ठेवलं असेल तेव्हा पुसू नका. झुरळांनाही स्प्रे नको, जेलचे ठिपके बिजागऱ्यांमागं, फ्रिजच्या मोटरजवळ. त्यांच्या अंड्यांच्या पिशवीला स्प्रेनं काही होत नाही.

आता चौकटीचं. वर्ष गेलं. 2019 चा ऑगस्ट बेळगावकरांना सांगायला नको, किती घरं बसली त्या पावसात. आमची देवघराची चौकट एका रात्रीत एका बाजूनं खचली, वरचा माळा तिरपा झाला. माळ्यावरच्या लाकडी पेटीत माझ्या आईनं दिलेली इरकल होती. पेटी उघडली. इरकलीचं अंग सुताचं असतं आणि पदर रेशमाचा, माहीतच असेल. सुती अंग जवळजवळ सगळं गेलेलं, त्या जागी मातीचे थर आणि चाळणी झालेल्या चिंध्या, आणि लाल रेशमी पदर राहिलेला, थोडी भोकं पडलेला, पण घडी होती तशी. वाळवीला हवं असतं झाडाचं, लाकूड, कागद, सूत. रेशीम तिच्या पोटात पचत नाही. मी तो पदर हातात घेऊन माळ्याच्या शिडीवर कितीतरी वेळ बसले होते. आई तोवर गेलेली होती.

भावजी आजही प्रत्येक लग्नाकार्यात सांगतात की चौकट पाण्यानं गेली, पुरात सगळ्यांचीच गेली. तर ते नाही. पाण्यानं कुजलेलं लाकूड तपकिरी होतं, त्याचे चौकोनी तुकडे पडतात, बोटानं चुरा होतो, आत माती नसते. आमच्या चौकटीचा तुकडा मी अजून ठेवलाय, आत वहीच्या पानांसारखे उभे थर आहेत, मऊ भाग खाल्लेला, कडक रेषा शिल्लक, आणि मधे सगळी माती भरलेली. पाणी माती भरून ठेवत नाही. पाण्यानं शेवटचा धक्का दिला असेल, तेवढं मान्य. आणि सागवानाचं त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, जुन्या सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड ती खाते, आणि आमच्या चौकटीच्या खालच्या भागाला सुतारानं तेच वापरलेलं, तुकड्यावर दोन रंग स्पष्ट दिसतात. 2018 ला दीड फुटाचं काम होतं, कापून नवं लाकूड बसवलं असतं आणि जमिनीत औषध दिलं असतं तर माळा राहिला असता.

तेव्हा तुमच्या घरात नळी किंवा पोकळ आवाज सापडला तर वरवर फवारणारा माणूस बोलवू नका. भिंत आणि फरशी जिथं मिळते तिथं फुटाफुटावर भोकं पाडून आत औषध सोडतो तो बोलवा, बहुतेक इमिडाक्लोप्रिड वापरतात, मातीत टिकतं आणि वाळवीला त्याचा वास येत नाही, म्हणून ती त्यातून जाते आणि बाकीच्यांनाही लावते. भारतीय मानक आहे यासाठी, आयएस 6313, त्याचा तिसरा भाग बांधून झालेल्या घरांचा आहे, त्याला विचारा त्याप्रमाणे करणार का. उत्तर देता आलं नाही तर चहा पाजून परत पाठवा.

हां, एक आधीच सांगायला हवं होतं, तुमच्या पंखवाल्या उघड्या खिडकीतून उजेडाला आलेल्या असतील तर एवढं घाबरू नका, ती बाहेरच्या कुठल्या तरी झाडाखालची असेल, वळवानंतर गावभर उडते. दिवा घालवून खिडकी लावली की झालं. घरातल्या फटीतून येतेय का ते बघणं महत्त्वाचं. आणि खरोखर पंखवाल्या मुंग्या असूही शकतात, मुंगळ्यांनाही पावसाळ्यात पंख येतात, कमर बघा.

बोरिक लहान मुलं, मांजर यांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, झाकणावर चिठ्ठी लावा, आणि ज्या चमच्यानं कालवाल तो परत स्वयंपाकाला नको. घरात गरोदर बाई असेल तर भोकांच्या औषधाच्या वेळी दोन-चार दिवस माहेरी पाठवा. आड किंवा बोअर असेल तर त्या बाजूला औषध सोडू देऊ नका. आम्ही शेवटी 2020 च्या जानेवारीत करून घेतलं तेव्हा परड्याकडच्या भिंतीला मी एकही भोक पाडू दिलं नाही, आडाचं पाणी आम्ही अजून पितो. त्या भिंतीला दर वळवानंतर मी टॉर्च घेऊन खाली वाकून नळ्या बघते.