तू कोणत्या मिन्झूची?

तुझा निरोप मिळाला. सांगलीच्या क्लासमधल्या ताईंनी माझा नंबर दिला ते बरं केलं. कुनमिंगच्या एका योग स्टुडिओनं तुला वर्षाच्या करारावर बोलावलंय आणि घरातून चार प्रश्न आलेत. बाबांचा प्रश्न, चीन खरंच आपल्या पन्नास वर्षं पुढे आहे का. भावाचा, तिथे सगळी माणसं एकाच ठशाची असतात का, आणि मुसलमान-तिबेटी लोकांना राहू देत नाहीत म्हणतात ते खरं का. आईचा, साप-किडे खावे लागतील का.

मी मिरजेची. २०१६ पासून कुनमिंगला योग शिकवते. सध्या सुट्टीवर घरी आलेय, म्हणून निवांत लिहितेय.

आईचा प्रश्न आधी निकालात काढू. किडे खातात. कुनमिंग ज्या प्रांतात आहे त्या युन्नानमध्ये बांबूतल्या अळ्या तळून बशीत येतात, हौसेनं खाल्ल्या जातात. तुझ्या तोंडात कोणी कोंबत नाही. भात आहे, बटाटा आहे, तांदळाच्या शेवयांचं मिश्येन आहे (त्यातला रस्सा मात्र मांसाचा असतो, विचारून घे), आणि शेळीच्या दुधाचं रूबिंग आहे, म्हणजे जवळजवळ आपलं पनीर. पावसाळ्यात रानातली अळंबी येतात. त्यातली एक जात नीट शिजली नाही तर डोळ्यांपुढे बुटकी माणसं नाचायला लागतात. हा शहरातला आवडता विनोद आहे आणि दवाखान्यातला खरा केसपेपरही. तुला कोणी अळंबी वाढली तर किती वेळ परतली ते विचार, लाजू नकोस.

आता बाबांचा प्रश्न. ‘चीन पुढे आहे’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर शांघाय असतं. तू जाणारेस कुनमिंगला. एकोणीसशे मीटर उंचीवरचं, ना फार थंड ना फार गरम असलेलं गाव. शांघायहून वेगवान रेल्वे इथे पोहोचली ती २०१६ च्या डिसेंबरात, माझ्या पहिल्या हिवाळ्यात. २०२१ च्या डिसेंबरात लाओसच्या राजधानीपर्यंत गाडी सुरू झाली. ते सगळं दिसतं, दिपवतं, आणि खोटं नाही.

पण मी राहते छंगगोंगला, त्याची गोष्ट ऐक. जुन्या शहराच्या दक्षिणेला हे नवं शहर वसवलं, तेव्हा २०१० च्या आसपास परदेशी वार्ताहर येऊन रिकाम्या इमारतींचे फोटो काढून जायचे. ‘भुतांचं शहर’ म्हणून त्याचं नाव जगभर झालं. सरकारनं आधी विद्यापीठं आणि महापालिकेची कचेरी तिकडे हलवली, मेट्रो नेली, माणसं मागून आली. युन्नान मिन्झू विद्यापीठ तिथेच आहे, आणि त्याच विद्यापीठात २०१५ साली भारत-चीन योग महाविद्यालय सुरू झालं. आज संध्याकाळी सातला त्या भागात भाजीच्या दुकानात रांग असते. जुने फोटो मात्र इंटरनेटवर अजून फिरतात, आणि माझे काका अजून ते मला पाठवतात.

आता काकांच्या बाजूनंही बोलते. त्याच कुनमिंगमध्ये २०२१ च्या ऑगस्टमध्ये पंधरा उंच इमारती एकाच वेळी सुरुंग लावून पाडल्या. बिल्डरचे पैसे संपले होते, सांगाडे सातआठ वर्षं तसेच उभे होते. पंधरातली एक तेव्हाही पुरती पडली नाही, तिरकी होऊन उभी राहिली. अशा अर्धवट इमारतीला इथे ‘लानवेइलौ’ म्हणतात, म्हणजे शेपूट सडलेली इमारत. काही कुटुंबं गृहकर्ज फेडत फेडत अशाच सांगाड्यांत राहायला गेली, वीज नाही, लिफ्ट नाही, पाणी खालून वाहून न्यायचं. माझ्या क्लासमधली एक बाई दर महिन्याला अशाच एका फ्लॅटचा हप्ता भरते. ती आसनं करताना फार गप्प असते.

आणि एक आकडा बाबांना सांग. २०२० च्या मे महिन्यात चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली कछ्यांग पत्रकार परिषदेत स्वतःच म्हणाले, की देशातल्या साठ कोटी लोकांचं महिन्याचं उत्पन्न हजार युआनच्या आसपास आहे. त्यानंतर वर्षही झालं नाही आणि सरकारनं अत्यंत दारिद्र्य संपल्याची घोषणा केली. तीही हवेतली नव्हती. पश्चिमेकडच्या नूच्यांग खोऱ्यात पूर्वी लिसू लोक तारेला लटकून नदी ओलांडत, तिथे आता पूल आहेत. पण पूल झाला म्हणजे पलीकडच्या माणसाच्या हाती पैसा आला असं नाही. त्या खोऱ्यातल्या मुली कुनमिंगला येतात, पाय दाबण्याच्या पार्लरमध्ये राबतात, आणि त्यांच्या मुलांना शहरातल्या सरकारी शाळेत सहज जागा मिळत नाही, कारण हुकौ गावचा आहे. हुकौ म्हणजे जन्मानं चिकटलेली रहिवासाची नोंद, १९५८ पासूनची. तिच्यावर शाळा, दवाखाना, पेन्शन असं बरंच अवलंबून असतं. हे समजून घेतलंस तर इथल्या निम्म्या भांडणांचं मूळ समजेल.

भावाच्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

मी आले तेव्हा मलाही सगळे सारखेच वाटायचे. दुसऱ्याच आठवड्यात भाजीवालीनं मला विचारलं, ‘नी शृ श्यन्मा मिन्झू?’ तू कोणत्या मिन्झूची? मिन्झू म्हणजे जमात, वंश, राष्ट्रीयत्व यांच्या मधलं काहीतरी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. इथे प्रत्येकाच्या ओळखपत्रावर मिन्झू छापलेला असतो. अधिकृत संख्या छप्पन. त्यात हान एक्क्याण्णव टक्के, उरलेल्या पंचावन्न मिळून नऊ टक्क्यांहून किंचित कमी. टक्का लहान वाटतो, पण माणसं साडेबारा कोटी होतात, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राएवढी. एकट्या युन्नानमध्ये पंचवीस जमाती आहेत आणि प्रांतातला दर तिसरा माणूस हान नाही. ती भाजीवाली ई नावाच्या जमातीची होती.

छप्पन हा आकडा इतका नेटका कसा, असं मला सुरुवातीला वाटायचं. तो तसा नव्हताच. १९५३ च्या जनगणनेत लोकांना आपापलं नाव सांगायला सांगितलं, तर चारशेच्या वर नावं आली, त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या युन्नानमधून. मग १९५४ मध्ये अभ्यासक पाठवून, बोली ताडून, त्यांच्या मोळ्या बांधल्या. शेवटची मोळी १९७९ ला बांधली, जिंगहोंगजवळच्या डोंगरातले जिनो. त्यानंतर यादी बंद. लुगू सरोवराकाठचे मोसुओ, ज्यांच्यात घर बाईच्या नावानं चालतं, ते युन्नानच्या बाजूला नाशी म्हणून नोंदले गेले आणि सिचुआनच्या बाजूला मंगोल म्हणून. सरोवर एक, लोक एक, कागद दोन. आणि आठ लाखांहून जास्त लोकांच्या पुढे अजून ‘अनिश्चित’ असंच लिहिलेलं आहे.

कागदाला किंमत आली की माणसं कागदाकडे सरकतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अल्पसंख्याकांना एका मुलाच्या सक्तीतून सवलत होती, विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत जादा गुण मिळायचे (आता बऱ्याच प्रांतांत ते कमी केलेत). १९८२ ला मांचू त्रेचाळीस लाख होते, १९९० ला अठ्ठ्याण्णव लाख झाले. एवढी बाळं आठ वर्षांत होत नाहीत. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची कागदपत्रं शोधणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल.

एक दिवस मी सुट्टीला दक्षिणेला शिश्वांगपान्नात गेले होते, ताइ लोकांच्या मुलखात. दुपारी एका देवळात सावलीला बसले. आतून भिक्खूंचा आवाज आला आणि माझ्या अंगावर काटा आला. ‘नमो तस्स भगवतो अरहतो...’ मिरजेला आमच्या मागच्या वस्तीत विहार आहे. दर बुद्ध पौर्णिमेला मी हे शब्द खिडकीतून ऐकत मोठी झालेय. स्वर वेगळा होता, पण ‘सरणं गच्छामि’ला मी चुकून ओठ हलवले. शेजारच्या म्हातारीनं पाहिलं आणि अर्धं केळं माझ्या हातात दिलं. त्यांची लिपीही ब्राह्मीच्याच घराण्यातली. त्या म्हातारीला ती वाचता येत होती. तिची नात माझी विद्यार्थिनी आहे, तिला येत नाही. शाळा फूथोंगह्वात, म्हणजे प्रमाण चिनीत, नोकरी फूथोंगह्वात. ताइ बोली आजीशी फोनवर बोलण्यापुरती उरलीय. त्यांचा एप्रिलमधला पाणी उडवण्याचा सण मात्र दर वर्षी मोठा होतो, कारण त्याची तिकिटं खपतात. पर्यटकांपुढे नाचणाऱ्या जमाती पाहून ‘किती छान विविधता’ म्हणणारे जसे घाईत असतात, तसेच ‘तिथे विविधता उरलीच नाही’ म्हणणारेही.

आता मुसलमान. हा परिच्छेद मी मिरजेत बसून लिहितेय, तिथून लिहिला नसता. यातच तुला अर्धं उत्तर मिळालं.

माझ्या गल्लीत बीफचं दुकान आहे, वर हिरव्या अक्षरांत ‘छिंगझन’, म्हणजे हलाल. मालक ह्वेई, म्हणजे चिनी बोलणारा मुसलमान, घरात चिनीच बोलतो, डोक्यावर पांढरी टोपी. ह्वेई इथे शतकानुशतकं आहेत. पंधराव्या शतकात ताफा घेऊन आपल्या कालिकतला आलेला चिनी दर्यावर्दी झंग ह कुनमिंगजवळचाच, ह्वेई घरातला. तेव्हा ‘राहूच देत नाहीत’ हे चूक. पण २०२३ च्या मे महिन्यात कुनमिंगच्या दक्षिणेला नाज्याइंग गावी मशिदीचा घुमट काढायला पोलीस आले तेव्हा गाव रस्त्यावर उतरलं. पुढच्या वर्षी युन्नानमधल्याच शाद्येन गावच्या मोठ्या मशिदीचा घुमट काढून वर चिनी धाटणीचं छप्पर बसवलं. वायव्येकडच्या शिंच्यांगची गोष्ट याहून फार जड आहे. २०१७ पासून तिथल्या उइघुर मुसलमानांना प्रचंड संख्येनं छावण्यांत कोंडलं. सरकार त्यांना प्रशिक्षण केंद्रं म्हणत आलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२२ च्या अहवालात म्हटलं, की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. कुनमिंगमध्ये हा विषय निघत नाही. २०१४ ला इथल्या रेल्वे स्टेशनवर सुऱ्यांनी हल्ला झाला, एकतीस माणसं गेली. हल्लेखोर शिंच्यांगचे असल्याचं सरकारनं सांगितलं, तेव्हापासून उइघुर माणसाला इथे घर भाड्यानं मिळणं अवघड झालं, असं माझी घरमालकीण सहज बोलून गेली. वुईचॅटवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सॲपवर, यातलं काही लिहू नकोस. क्लासमध्ये नकाशा, तैवान, तिबेट हे विषय कोणी काढले तर पाणी प्यायला जा.

आता उलट बाजू. आपण त्यांना एका साच्यात घालतो, ते आपल्याला. माझ्या पहिल्या स्टुडिओनं पोस्टरवर मला ‘ऋषिकेशची गुरू’ छापलं. मी म्हटलं, मी मिरजेची, आमच्याकडे सतारी बनतात. मॅनेजर म्हणाली, सतार कोण शिकणार? रोज टिकली लावून यायचं, तेवढंच. चिनी माहितीपुस्तकांत भारतातल्या मिन्झूंची यादीसुद्धा असते. पहिला ‘हिंदुस्थान मिन्झू’, आणि मोठ्यांच्या यादीत ‘मालाती’. ती मालाती म्हणजे मी. सुरुवातीला हसू आलं. मग त्या भाजीवालीला मी तेच उत्तर दिलं आणि तिचं समाधान झालं, तेव्हा मला मोसुओंची आठवण झाली.

तो पहिला स्टुडिओ, नाव सांगत नाही, वर्षाचे पास आगाऊ विकायचा. इथे जिम-स्टुडिओवाले असंच करतात. एका सोमवारी दाराला कुलूप होतं, मालक पसार, माझा दोन महिन्यांचा पगार बुडाला आणि बाहेर चाळीस बायका पास हातात घेऊन उभ्या. या प्रकाराला ‘पाओलू’ म्हणतात. म्हणून तू हे पाहून घे: कामाचा परवाना कोणाच्या नावावर काढतायत, ते नाव आणि करारावरचं नाव एकच आहे का, आणि व्हिसा ‘झेड’ आहे का. ‘आधी बिझनेस व्हिसावर ये, नंतर बदलू’ म्हणाले तर विषय तिथेच संपव. पकडलं तर दंड, हद्दपारी सगळं तुझ्या वाट्याला, त्यांच्या नाही. शनिवारी पोरांना इंग्रजी शिकव म्हणतील. त्या परवान्यावर ते चालत नाही. पोहोचल्यापासून चोवीस तासांत पोलीस चौकीत राहत्या पत्त्याची नोंद, तीस दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. व्हॉट्सॲप, गूगल बंद असतं, आईच्या फोनवर वुईचॅट आत्ताच घालून दे आणि महिनाभर सराव करून घे, नाहीतर पहिल्या रात्री ती रडेल. २०२० नंतर पाचेक वर्षं थेट विमानं नव्हती. महामारीत मी तीन वर्षं घरी येऊ शकले नाही, आजी गेली ती व्हिडिओवर पाहिली. आता थेट विमानं सुरू झालीत. तरी परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेव आणि त्यांना हात लावू नकोस.

बाबा शत्रू वगैरे म्हणतात ना, त्यांना सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांची आठवण करून दे. तिथली म्हातारी माणसं ‘ख तिह्वा’ हे त्यांचं चिनी नाव घेतलं की अजून ओळखतात. तरुण पोरं आमिर खानला ओळखतात. दोन्ही उपयोगी पडतात, समोर कोण आहे ते बघून वापर.

सामानात हिंग, गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर घाल. मोहरीचा डबा मीच आणून ठेवते, माझ्याकडे दोन आहेत. करार हातात आला की सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव, चिनी बाजूचा.